नळी कधी काढायची, हे विचारायचं कुणाला?

पक्षाघातानंतर बाबांना घरी सोडलं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर सगळं होतं. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, फीटचं औषध, फिजिओ, पुढची तारीख. नाकातून पोटात जाणाऱ्या, अन्न द्यायच्या नळीबद्दल मात्र एकच ओळ होती: ‘आरटी फीड, दर दोन तासांनी’, म्हणजे या नळीतून (रायल्स ट्यूब) पातळ अन्न. ती काढायची कधी आणि ठरवणार कोण, याबद्दल अक्षर नाही. त्या न लिहिलेल्या ओळीपायी पाच आठवडे गेले. राग अजून उतरलेला नाही, तो या लिहिण्यात दिसेल.

बाकीचं बसलं. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी, उठवताना लुळ्या हाताला धरून न ओढणं (खांदा निखळतो), हे चार दिवसांत अंगवळणी पडतं.

नळीचं तसं नाही. ती नाकाशी जिथून आत जाते, तिथे पेनाने खूण करा आणि बाहेरचा भाग मोजून भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक फीडच्या आधी खूण तिथेच आहे का बघायचं. नळी सरकलेली वाटली तर घरी आत ढकलायची नाही आणि फीडही द्यायचं नाही. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत बरेच जण शिकवतात. तिच्यावर विसंबू नका, नळी चुकीच्या जागी असली तरी आवाज येतो. नवी नळी घातली की एक्स-रे. एरवी नळीतून सिरिंजने ओढून काढलेल्या पोटातल्या पाण्याची पट्टीवर पीएच (आम्लतेची) तपासणी, 5.5 किंवा त्याहून कमी आला तर नळी पोटात आहे असं धरतात. आम्लता कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडा चढा येऊ शकतो, ते आधीच विचारून घ्या.

फीड देताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती वीतभर उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकलायचं नाही. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. नळी चोंदते ती बहुधा औषधं फीडमध्ये कालवल्यामुळे. प्रत्येक गोळी वेगळी कुटून पाण्यात, दोन गोळ्यांच्या मध्ये थोडं पाणी. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा वर खास आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, पर्याय मागायचा.

आता अडकलो ते ठिकाण.

न्यूरोच्या (मेंदूविकाराच्या) ओपीडीत विचारलं तर उत्तर मिळालं, “खाता येतंय का बघा, मग काढू.” कान-नाक-घशाच्या दारात: “न्यूरोची चिठ्ठी आणा.” गिळणं तपासतात त्या स्पीच थेरपिस्टकडे: “डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तपासत नाही.” चिठ्ठीसाठी पुन्हा न्यूरो, तिथे परत तेच, “खाता येतंय का बघा.” तीन दारं, आणि प्रत्येक दारात पुढच्या दाराकडे बोट.

“बघा” म्हणजे नेमकं काय बघायचं? पक्षाघातानंतर काही रुग्णांत घशाची जाणीवच मंदावते. घोट श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका लागत नाही. घरच्यांना वाटतं, छान प्यायले. तीन दिवसांनी ताप, धाप, न्यूमोनिया. ठसका लागला नाही म्हणजे गिळता आलं, असं नसतं. म्हणून चमच्याने पाणी पाजून बघण्याचा प्रयोग घरी करू नये, तसं सांगणाऱ्याला शांतपणे विचारावं, “तपासणी कोण करणार, त्यांचं नाव कागदावर लिहाल का?”

हे चक्र थांबलं ते एका वेगळ्याच प्रश्नाने. नळी साधारण चार आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर पोटावर छिद्र पाडून थेट जठरात बसवायच्या पेग नळीचा विचार करतात. “चार आठवडे झाले, मग आता पेग बसवायची का?” असं विचारल्यावर पहिल्यांदा कुणीतरी फाइल नीट उघडली. पेगचा निर्णय घ्यायचा तर आधी गिळणं तपासायला हवं. चिठ्ठी त्याच दिवशी मिळाली. चौथ्या आठवड्याची वाट बघत बसायची गरज नव्हती, हे मला उशिरा कळलं. डिस्चार्जच्या दिवशीच कागदावर ‘गिळण्याच्या तपासणीसाठी’ अशी चिठ्ठी मागा; तिच्यावर निदान, पक्षाघाताची तारीख आणि नळी घातल्याची तारीख हवी. “आधी नळी काढा, मग तपासू” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, नळी असतानाही ही तपासणी होते.

आणि तपासणी किती वेळाची? वीस मिनिटं! रुग्ण जागा आहे ना, सरळ बसतो ना, ओठ मिटतात का, जीभ दोन्हीकडे वळते का, सांगितल्यावर खोकता येतं का. मग चमचाभर पाणी. थेरपिस्टची बोटं गळ्यावर: गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं की नाही, हे बोटांना कळतं. मग “आ म्हणा”. आवाज ओला, घोगरा, गुळण्या केल्यासारखा आला की धोका. हे जमलं तर न थांबता 90 मिली पाणी. शंका उरली तर नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा चालत्या एक्स-रेवर बघतात.

नळी त्याच दिवशी निघत नाही, तशी आशा धरू नका. आधी घट्ट केलेलं पाणी, दिवसातून थोडंसं. तोंडाने पुरेसं जायला लागेपर्यंत नळी राहते. ‘घट्ट’ म्हणजे किती, यावरून घरात रोज वाद. त्याला माप आहे: 10 मिलीच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून 10 मिली भरा, बोट काढा, दहा सेकंदांनी पुन्हा बंद करा. 1 ते 4 मिली उरलं तर किंचित घट्ट, 4 ते 8 थोडं घट्ट, 8 च्या वर मध्यम. सिरिंजवरची शून्य ते दहाची पट्टी 61.5 मिमी लांब हवी, नाहीतर माप चुकतं. स्टार्चच्या पावडरने घट्ट केलेलं पाणी ठेवल्या ठेवल्या आणखी घट्ट होत जातं आणि लाळ लागली की पातळ, त्यामुळे लाळेचा चमचा पुन्हा पेल्यात बुडवू नका.

घास चांगल्या बाजूच्या गालात. खाऊन झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोटाला फडकं गुंडाळून बघा, तिथे घास दडून बसतो. तोंडाने काही जात नसलं तरी दात-जीभ रोज साफ हवीत. मळकट लाळ फुफ्फुसात गेली तर तिच्यानेही न्यूमोनिया होतो.

फीटच्या औषधाचं मध्येच राहिलं. ते फेनिटोइन असेल तर नळीतल्या फीडबरोबर नीट शोषलं जात नाही. आधी आणि नंतर तास-दोन तास फीड बंद ठेवायला सांगतात. आता दर दोन तासांच्या फीडमध्ये हे बसवून दाखवा! कागद लिहिणाऱ्याने दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या होत्या. वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या, स्वतः डोस हलवू नका.

नळी निघाल्यावर गोळ्यांचं पुन्हा विचारा. पाण्याबरोबर गोळी हा गिळायला फार अवघड प्रकार, पातळ आणि घन एकाच घोटात. बाबांना पाणी जमू लागल्यावरही गोळी बरेच दिवस दाट घासातच द्यावी लागली, आणि कुठली अख्खी, कुठली कुटून, हे औषधवाल्याकडून एकेक नावापुढे लिहून आणलं.