मातीला न विचारलेला प्रश्न

२००१च्या फेब्रुवारीत मी पुण्याहून अहमदाबादला पडझडीची पाहणी करायला गेलो होतो. २६ जानेवारीच्या भूकंपाने कच्छमधलं भचाऊ भुईसपाट केलं, ते कळत होतं; केंद्र जवळच होतं. पण अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. तिथल्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीतल्या यंत्राने नोंदलेला कमाल हादरा गुरुत्वत्वरणाच्या साधारण ११ टक्के. तेवढ्याशा हादऱ्याने बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसं गेली.

त्या दिवशी साबरमतीच्या पश्चिमेची एक सोसायटी पाहत होतो. खाली पार्किंग, वर चार मजले. पार्किंगच्या कॉलमांची डोकी फुटलेली, सळया बाहेर वाकलेल्या, सळयांभोवतीच्या रिंगा दूर दूर टाकलेल्या आणि उघडलेल्या. दोष समोर दिसत होता. पण सोबतच्या वयस्कर सेक्रेटरींनी विचारलं, "साहेब, भावाचं पोळमधलं, म्हणजे जुन्या शहराच्या गल्लीतलं, लाकडी घर जुनंपुराणं, ते शाबूत. आमचंच का?"

मी माती तपासायला घेतलेल्या बोअरचा अहवाल मागितला. पुण्यात थोडी माती गेली की मुरूम लागतो आणि खाली काळा पाषाण. इथे रेती, गाळ, पुन्हा रेती; बोअर संपला तरी खडक नाही.

खडकातून वेगाने आलेली लाट मऊ गाळात शिरली की मंदावते, आणि मंदावली की तिची उंची वाढते. शिवाय लांबच्या प्रवासात झटपट कंपनं विरतात, संथ तेवढी उरतात. गाळाच्या थराला स्वतःची लय असते: एका डोलाला लागणारा वेळ म्हणजे जाडीची चौपट भागिले कातरलाटेचा, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या लाटेचा, वेग. ३० मीटरचा थर आणि सेकंदाला २४० मीटर वेग धरा, अर्धा सेकंद येतो. पाच पातळ्यांच्या इमारतीचा डोलही ढोबळमानाने तेवढाच. खालचा गाळ तर शेकडो मीटर, म्हणजे दहा मजल्यांनाही साथ देणारा. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये हिंचका, म्हणजे झोपाळा, होता. त्याला नेमक्या वेळी हलके रेटे दिले तर काय होतं, एवढं दाखवल्यावर त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. पोळमधली बुटकी घरं या लयीत सापडत नाहीत, आणि लाकूड वाकून सोसतं. १९८५ साली मेक्सिको सिटीतही साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाने जुन्या तळ्याच्या चिखलावरच्या मध्यम उंचीच्या इमारतीच सर्वाधिक पाडल्या होत्या.

अहवालात एन व्हॅल्यू, म्हणजे मातीचा घट्टपणा सांगणारा आकडा, होती, भारक्षमता होती. माती किती वजन पेलेल हे विचारलं होतं. ती हलेल कशी, हे नाही. माझ्या मते कॉलमांच्या दोषाइतकीच ही चूक मोठी, आणि ती त्या एका इमारतीपुरती नव्हती.

"मग इथे राहायचं की नाही?" ते म्हणाले.

राहता येईल, मी सांगितलं. पार्किंगमध्ये पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती घ्यायच्या, कॉलमांना जॅकेटिंग करायचं, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण द्यायचं. आणि त्याआधी आवारात जमिनीची कंपनं टिपणाऱ्या जिओफोनची रांग लावून, हातोड्याचे ठोके देऊन, ३० मीटरपर्यंतचा लाटेचा वेग मोजायचा. आराखडा त्या आकड्यानंतर.