लळिंगचा चढ आणि अकिलीस टेंडन : पुनर्वसनाची नोंद

डाव्या टाचेमागच्या अकिलीस टेंडनचे, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या कंडरेचे, दुखणे आता इतपत ओसरले आहे की धुळ्याच्या नकाणे तलावाच्या बाजूला सपाट रस्त्यावर एक दिवसाआड सावकाश धावता येते. धुळ्याजवळच्या लळिंगचा चढ मात्र अजून वर्ज्य आहे. धुळ्यात धावणाऱ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना हाच त्रास असल्यामुळे उपचाराचा क्रम आणि त्यामागचे कारण येथे सविस्तर लिहीत आहे.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी प्रथम मला पालथे झोपवून पोटरी दाबून पाहिली. पोटरी दाबल्यावर पाऊल खालच्या दिशेने हलले, तर कंडरा सलग आहे असे समजतात. ते हललेच नाही, तर ती पूर्ण तुटल्याची दाट शंका घ्यावी लागते. माझे पाऊल हलले. दुखरी जागा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, म्हणजे कंडरेच्या मधल्या भागात होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण वेदना थेट हाडाला चिकटलेल्या टोकाशी असेल, तर व्यायाम करताना टाच पायरीच्या पातळीखाली उतरवत नाहीत.

मधल्या भागाच्या दुखण्यासाठी स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही पायाभूत मानला जातो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, चांगल्या पायाच्या बळावर टाचा वर न्यायच्या आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश खाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे ३ संच आणि गुडघा किंचित वाकवून तेवढेच. दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. गुडघा वाकवला की पोटरीच्या खोलवरच्या स्नायूवर अधिक काम येते, म्हणून दुसरा प्रकार गाळू नये. वेदना कमी झाल्यावर वजन वाढवायचे असते. मी त्यासाठी पाठीवरच्या पिशवीत ज्वारी भरतो.

दुखत असताना भार का द्यायचा, हा प्रश्न घरातूनही आला. कंडरेतील पेशी भाराला प्रतिसाद देऊन तंतूंची बांधणी करतात आणि दीर्घ विश्रांतीने कंडरा उलट कमकुवत होते. त्यामुळे पूर्ण विश्रांतीनंतर दुखणे थांबल्यासारखे वाटते, पण धावणे सुरू करताच ते परत येते. आजीने लावलेल्या हळद-तुरटीच्या लेपाने बरे वाटले हे खरे आहे, आणि तो लावण्यास माझी हरकत नाही. परंतु सुजलेली कंडरा जोराने चोळून घेणे मी टाळले.

भार किती द्यावा, याचे माप संशोधक करिन ग्रावारे सिल्बरनागेल यांच्या २००७ च्या अभ्यासातून मिळते. ० ते १० या मापावर ५ पर्यंतची वेदना चालते, मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. मला हे माप सर्वांत उपयुक्त वाटते, कारण धावताना कंडरा गरम झाली की ती फारशी दुखत नाही आणि धावणाऱ्याची फसगत होते. अंथरुणातून उठल्यावरच्या पहिल्या काही पावलांतला ताठरपणा अधिक खरे सांगतो. माझा ताठरपणा पूर्वी स्वयंपाकघरापर्यंत चालत जाईस्तोवर टिकायचा, आता तो दोन-चार पावलांत मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट धावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरेला सूज येण्याचा, क्वचित ती तुटण्याचाही धोका असतो. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी ही औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. तेव्हा आपण धावतो, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून ‘कट’ असा आवाज आला, तर व्यायामाचा विचार न करता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना गाठावे.

चढावर टाच खाली राहून घोटा अधिक वाकतो आणि कंडरेवरचा ताण वाढतो, म्हणून लळिंगचा क्रम सर्वांत शेवटी ठेवला आहे. एका पायावर उभे राहून टाच उचलण्याची ताकद दोन्ही पायांत सारखी झाली, की आधी तो चढ चालत जाईन आणि पुढील सकाळचा ताठरपणा पाहून धावण्याचे अंतर ठरवीन.