तीन थरांच्या पात्याला जादा पैसे का आणि कधी? : आमची वाटचाल

आमच्या दुकानाची सुरुवात कात्र्यांना धार लावण्यापासून झाली. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर, चादरी-टॉवेलचं तर सांगायलाच नको, आणि कटिंग मास्तरला बोथट कात्री क्षणभरही खपत नाही. वडिलांनी त्या मास्तरांच्या भरवशावर दुकान उभं केलं. मग केटरिंगवाले सुऱ्या आणू लागले, खाटीक सत्तूर, आणि उसाच्या हंगामात कोयते. धार लावता लावता आम्ही सुऱ्या विकायलाही लागलो.

पुढे एका हॉटेलच्या आचाऱ्याने जपानी सुरी आणली. पात्यावर धारेला समांतर एक नागमोडी रेघ, तिच्याखाली चकचकीत आणि वर धुरकट पोलाद. त्याने विचारलं, "साध्या सुरीच्या चौपट पैसे मोजलेत. थरांचं पातं आहे म्हणे. वसूल होतील का?" तिथून आमच्या धंद्याची दिशाच बदलली. तो प्रश्न आम्हाला आजही गिऱ्हाईक विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

थरांची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. लोहार कुऱ्हाड लोखंडाची घडवायचा आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून जोडायचा. पोलाद महाग होतं, ते वाचायचं, आणि कुऱ्हाड घाव सोसायची. जपानी सुरीतही तेच आहे: मधे कडक गाभा, दोन्ही बाजूंना मऊ पोलाद. आता फरक एवढाच की बऱ्याच सुऱ्यांचा पत्रा गिरणीतूनच तापवून, लाटून, एकजीव होऊन येतो. गाभ्यासाठी नेहमी ऐकू येणारं नाव व्हीजी-१०, हे एक जपानी स्टेनलेस पोलाद. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं आणि नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलं, तर कडकपणा ६० रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास जातो. हॉटेलातली नेहमीची स्टेनलेस सुरी ५४ ते ५६ वर असते.

कापतो तो गाभा. पेन्सिलीत लिहितं ते शिसं, लाकूड नाही, तसंच. गाभा साधा असेल किंवा त्याला पाणी नीट बसलेलं नसेल, तर बाजूला तीन थर असोत की तेहतीस, सुरी साधीच. पात्यावर लाटांची नक्षी दिसते ती बहुतेकदा बाहेरच्या थरांची असते. दिसायला सुंदर आहे, आम्हालाही आवडते, पण कांदा तिने कापला जात नाही.

मऊ थरांचा उपयोग मात्र खरा आहे. अख्खं पातं ६० च्या वर कडक असेल तर पडल्यावर तुटायची भीती जास्त, आणि वाकडं झालं तर सरळ करणं अवघड. बाजू मऊ असल्या की पातं धक्का सोसतं आणि दगडावर पातळ करताना हात दुखत नाहीत. पण धारेची कड गाभ्याचीच असते, थर तिला वाचवू शकत नाहीत. हाडावर मारली की दाते पडणारच. खाटकाने ही सुरी मागितली तर आम्ही देत नाही. त्याच्या हातात जाड एकसंध सत्तूरच शोभतो. ऊसतोडणीला गाडीच्या कमानपाट्याचा कोयता उत्तम, त्याला थरांची गरज नाही.

धारेची पद्धत आम्हाला यासाठीच बदलावी लागली. कोरड्या ग्राइंडरवर धार निळी पडली की तिचं पाणी उतरलं, आणि महागाच्या गाभ्याचे पैसे तिथेच गेले. आता सुऱ्या पाण्याच्या दगडावर, आधी १००० आणि मग ३००० नंबरच्या वर (नंबर जितका मोठा, दगड तितका बारीक). वेळ जास्त लागतो, दरही थोडा जास्त आहे, पण आचारी परत येतात ते याच धारेसाठी.

घेताना पाहायचं ते असं. पात्यावरची ती नागमोडी रेघ म्हणजे मऊ थर संपून गाभा उघडा पडतो ती जागा. सुरीच्या दोन्ही बाजूंनी ती धारेपासून सारख्या अंतरावर हवी. एकीकडे फार वर आणि दुसरीकडे धारेला टेकलेली असेल तर गाभा मध्यावर नाही, आणि काही धारांनंतर कडेला मऊ पोलाद येईल. पाठीकडून तीन थर दिसतात का तेही पाहा. गाभा कार्बन पोलादाचा असेल तर कांद्या-लिंबाने तो काळवंडेल. पुसून कोरडी ठेवली की भागतं.

दिवसभर कांदा-कोथिंबीर चिरणारा, स्वतः दगड वापरणारा किंवा आमच्याकडे नियमित आणणारा आचारी असेल तर जादा पैसे वसूल होतात, हे आम्ही ठामपणे सांगतो. घरी दिवसाला दोन भाज्या चिरायच्या असतील तर चांगली एकसंध स्टेनलेस सुरी घ्या, आणि उरलेल्या पैशात एक चांगला दगड. तो आम्ही वापरायलाही शिकवतो, दुकानातच, फुकट.