भिंत कोणाची?

आज वाचनालयाची मिटिंग तीन तास चालली. पावसाआधी कौलं परतायचीत, पैसे नाहीत. ‘सी व्ह्यू प्लॉट’ विकणारा एक जण सगळा खर्च द्यायला तयार आहे. बदल्यात दर्शनी भिंतीवर त्याचा बोर्ड.

तात्या म्हणाले, “मगे उद्या त्येच्याच जमिनीच्या भानगडीवर हयसर बसान कोण बोलतलो?”

मी विकिपीडियाचा दाखला दिला. २००२ साली तिथे जाहिराती येणार अशी नुसती कुणकुण लागली आणि स्पॅनिश आवृत्तीत लिहिणारे बरेच जण बाहेर पडले, वेगळा ज्ञानकोश काढून बसले. विकिपीडिया आजही मुख्यतः देणग्यांवरच चालतो.

मागून आवाज आला, “त्यांका जगभरसून देणगी येता. आमका चाकरमान्यांचे शंभर रुपये, तेय चतुर्थीत!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावतीपुस्तक घेऊन फिरणारे आम्ही चौघंच. तरी हात बोर्डाच्या विरोधातच वर केला. गावातल्याच आंबा बागायतदाराचा बोर्ड असता तर? खरं सांगतो, बहुतेक गप्प बसलो असतो.

निर्णय पुढच्या रविवारी. निघताना बघितलं, ग्रंथपालबाई कपाटं भिंतीपासून सरकवून घेत होत्या.