क्लच दाबणारा हात

एक्स-रे बघून सर्जन खूश होते, आणि खूश व्हावं असंच काम होतं. मनगटाजवळच्या रेडियस हाडाचे सांध्यापर्यंत चिरलेले तुकडे तळव्याच्या बाजूने प्लेट लावून चपखल बसवले होते. केसपेपरवर शेवटी लिहिलेलं: ‘फिजिओथेरपी, गरज वाटल्यास.’ ही गरज नक्की कुणाला वाटायची असते, ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

पेशंट रिक्षावाले दादा, वय पंचेचाळीसच्या आसपास. कधी ठाणे स्टेशनहून शेअर, कधी मीटर. भर पावसात स्टँडजवळच्या पेव्हर ब्लॉकवरून घसरले आणि डावा तळवा टेकून पडले. नौपाड्यात माझ्याकडे आले ते ऑपरेशनला महिना होत आला तेव्हा. हात झोळीत, बोटं सुजून तुकतुकीत. टाके निघाल्यावरही घरच्यांनी हात हलवू दिला नव्हता. प्लेट बसवतात तीच मुळी बोटं लगेच हलवता यावीत म्हणून, पण ऑपरेशनचं बिल भरणाऱ्याला हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

हे फ्रॅक्चर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या डब्लिनच्या कोलीस यांनी १८१४ मध्ये, एक्स-रे यायच्या कितीतरी आधी, लिहून ठेवलंय की हात वाकडा राहील, पण पुढे कधीतरी दुखणं जाईल आणि हालचाल परत येईल. आता उलटं झालंय. हाड फिल्मवर सरळसोट, आणि मूठ वळत नाही.

दादांची बोटं तळव्याला टेकत नव्हती. मनगट वर जेमतेम पंधरा अंश, खाली वीस. तळवा वर करा म्हटलं की कोपर अंगापासून सोडून खांद्यातून फसवायचे. आधी सूज उतरवली, मग बोटांचे व्यायाम: हुकासारखी मूठ, सपाट मूठ, पूर्ण मूठ. व्रणावर मालिश. खांदाही आखडला होता, तो लोकांच्या लक्षातच येत नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटली, मनगट मात्र हटून बसलं.

आणि मग एका भेटीत वर पंचेचाळीस अंश! रोजच्या बहुतेक कामांना साधारण चाळीस पुरतात. मी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, पुन्हा लावून बघितला. तेवढेच. खुशीत मोबाइलवर फोटो काढायला गेले, तर तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी रबराचा काळा पट्टा दिसला. धुऊनही न गेलेला.

“रिक्षा कोण चालवतंय सध्या?”

“भाचा, मॅडम.”

“खाली उभी आहे ना? चला.”

गल्लीत, इंजिन बंद ठेवून, त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. रिक्षात आपण मागे बसतो, त्यामुळे डाव्या हाताला काय भोगावं लागतं ते कळत नाही. बोटांनी क्लच दाबायचा, दाबलेलाच ठेवून ती अख्खी मूठ फिरवायची, तेव्हा गिअर पडतो. म्हणजे पकड आणि मनगटाची वर-खाली हालचाल एकाच वेळी, जोर लावून. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे दिवसभर चालतं. माझ्या कुठल्याही यंत्रात हा व्यायाम नाही. मूठ फिरवायला सांगून मी कोन मोजत होते आणि येणारे-जाणारे थांबून बघत होते.

क्लच मी स्वतः दाबून पाहिला. लोण्यासारखा. ग्रिपवर सायकलच्या ट्यूबचा जाड थर गुंडाळलेला, म्हणजे मूठ पूर्ण न मिटताही पकडता यावी असा. भाच्याला याची काय गरज?

“गॅरेजवाल्याने हलका करून दिला,” दादा म्हणाले. “पाचव्या आठवड्यापासून सकाळची दोन-चार भाडी मारतो. हप्ता थांबत नाही ना.”

मी रागावले. हाड जुळायच्या आधी प्लेटवर जोर आला तर स्क्रू सैल होऊ शकतात. खड्ड्यात हँडल उसळलं असतं तर? हे सगळं बोलले आणि ते खरंच आहे. पण ट्यूब गुंडाळून जाड केलेली मूठ हा उपाय आम्हीच शिकवतो, चमच्यांच्या दांड्यांना. जोर कमी करून तीच हालचाल शंभर वेळा करणं हेही आमचंच. या माणसाने मला न विचारता गॅरेजमधून ते उभं केलं होतं. की कोन वाढायची वेळ आलीच होती आणि क्लचला फुकटचं श्रेय मिळतंय? एका पेशंटवरून ते ठरत नाही, आणि दुसऱ्याला मी असं करायला सांगणार नाही.

पुढचा एक्स-रे चांगला आला. सर्जन म्हणाले, “बघा, फिक्सेशन मजबूत होतं.” रिक्षाचं मी त्यांना सांगितलं. ते हसले आणि पुढचा पेशंट बोलावला.

पकडीची ताकद आता उजवीकडे चाळीस किलो, डावीकडे चोवीस. ती वर्षभर वाढत राहते. तळवा पूर्ण वर होत नाही अजून. अंगठ्याचं टोक वाकवताना करकर वाजलं, दुखलं, तर लगेच या, असं बजावलंय, कारण त्या प्लेटवर अंगठ्याची कंडरा (टेंडन) उशिरानेही घासू शकते. फोन केला की म्हणतात, “येतो मॅडम, माजिवड्याला अडकलोय.”