तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘बाऊ’ म्हणणं का सोडलं

नागपुरात कुठेही जा, लग्नात, सीताबर्डीवर, धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर मला एकच प्रश्न येतो. ‘काय हो, हल्ली चॅनलवाल्यांना झोडपत नाही? कोणी दम दिला का?’ दम कोणी दिला नाही, पैसेही कोणी दिले नाहीत. आज एकदाच सगळं सांगून टाकतो.

चॅनलांवरच्या चर्चांमधली माझी भूमिका तुम्हाला पाठ आहे: चॅनलवाले प्रत्येक संकटाचा बाऊ करतात, प्रत्यक्षात बळींचा आकडा छोटाच निघतो. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगच्या भीतीनं लाखो माणसं शहर सोडून पळाली आणि मृतांचा अधिकृत आकडा शंभराच्या आतच राहिला, हे उदाहरण मी चर्चेत कितीदा दिलं असेल! ते आजही खरं आहे. मी खोटं बोलत नव्हतो, एवढं आधी मान्य करा.

३० मे २०२४. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, चालू होता. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि चॅनलांवर नागपूर पेटलं. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. खरा पारा पंचेचाळीसच्या आसपास. अहो, नागपूरचा उच्चांकच ४७.९, तोही २०१३ च्या मे महिन्यातला. मी लगेच व्हिडिओ केला. ‘छप्पनचा फुगा फुटला. पंचेचाळीस तर आपल्याला दरसाल असतं, नागपूरकराला उन्हाचा बाऊ दाखवता?’ व्हिडिओ भराभर फिरला. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मामेभावाचा फोन आला. मामा इतवारीत कापड घ्यायला गेले होते, दुकानाच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मी पोचलो तेव्हा दुपट्टा मानेभोवती होता, खिशात मामीनं घातलेला कांदा होता. मला ओळखलं नाही. ‘वर्ध्याची बस लागली का?’ एवढंच विचारत राहिले. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. दुकानदारानं माठातलं पाणी डोक्यावर ओतलं, आम्ही ऑटोत घातलं. सिग्नलवर ऑटो थांबला की मी वर्तमानपत्रानं वारा घालायचो. तो वारा भट्टीतला होता. दवाखान्यात ताप १०६ भरला. बर्फ लावला, सलाईन लावलं. तीन दिवसांनी मामा गेले.

दाखल्यावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. उष्माघात हा शब्द त्यात कुठेच नाही.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. कारण ‘बघा, सरकारी आकडा केवढासा आहे’ हा माझा हुकमी मुद्दा होता. त्या आकड्यात मामा नाहीत. असे आणखी किती जण नसतील?

पंचेचाळीस दरसाल असतं, हे मी म्हणालो. पण हवाच अंगापेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय वाट राहत नाही. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा घाम आटला की संपलं. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात, महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हानं चौदा माणसं गेली, तेव्हा पारा ३८ च्याच आसपास होता. दमट हवेत घाम सुकतच नाही. त्या घटनेवर मी स्वतः तावातावानं बोललो होतो, पण कोणत्या पक्षाचं काय चुकलं यावर. उन्हावर एक वाक्य नाही.

मग छप्पन दाखवणारे बरोबर होते का? मुळीच नाही. खात्री न करता आकडा फिरवणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो. लांडगा आला म्हणून रोज ओरडलं की खरं ऐकायलाही कोणी उरत नाही. पण त्यांचा आकडा खोटा ठरला आणि मी ऊनच खोटं ठरवून टाकलं. शिवाय त्यांना चर्चेत विरुद्ध बोलणारा लागतो, म्हणूनच ते मला बोलवायचे, हे मला तेव्हाही कळत होतं.

मामांच्या मोबाईलमध्ये माझा व्हिडिओ होता. त्यांनी तो पाहिला होता की नाही, कळायला मार्ग नाही. मामी म्हणते, ‘ते तसेही कुणाचं ऐकत नव्हते रे.’ ती माझ्यासाठी म्हणते की खरंच, हे मी तिला विचारलेलं नाही.

यंदा पुन्हा चॅनलवरून फोन आला, ‘दुसरी बाजू मांडाल का?’ मी नाही म्हणालो. त्यांनी एका तरुण मुलाला बसवलं. तो माझीच वाक्यं बोलला, त्यातली निम्मी बरोबरही होती. मी चॅनल बदललं नाही, शेवटपर्यंत ऐकलं.