आयरिश फ्लूट, ठाण्याची हवा

घरात पांढरी पाच पट्टीची बासरी असेल तर आयरिश फ्लूटची बोटं तुम्हाला निम्मीअधिक येतात. सहाही भोकं बंद केली की दोन्हींवर पांढरी दोनचाच सूर लागतो. आपला तो मंद्र पंचम, त्यांचा बहुतेक वेळा षड्ज. तिथून एकेक बोट उचलत वर गेलं की सरळ बिलावल. फरक पडतो तो आपल्या शुद्ध मध्यमाला. आपण वरचं भोक अर्धं उघडतो, तिकडचे वादक वरचं पूर्ण उघडून त्याखालची दोन दाबतात.

हे साम्य टिकलं कारण तिकडच्या खेड्यांत जुनीच बासरी राहिली. १८४७ मध्ये बोएम या जर्मन वादकाची चाव्यांची नवी बासरी आली, हळूहळू वाद्यवृंदांनी ती घेतली आणि जुन्या लाकडी बासऱ्या स्वस्त झाल्या. स्लायगो, रॉसकॉमन, लीट्रिम या भागांत त्यांनी मूळ धरलं. लीट्रिमचा जॉन मकेना न्यूयॉर्कला अग्निशमन दलात होता. १९२० च्या दशकातली त्याची ध्वनिमुद्रणं शोधून ऐका. फुंकेचा जोर आणि तालाचा धक्का तिथे कळतो.

मींड मात्र घरी ठेवून या. इथे सूर सरकवत नाहीत, चिरतात. रोल हा त्यांचा अलंकार घ्या, आपल्या षड्जाच्या बोटांवर, म्हणजे वरची तीन बंद. सूर धरा, डाव्या हाताचं मधलं बोट पापणी लवावी इतकंच उचलून ठेवा, पुन्हा सूर, मग उजव्या तर्जनीची चौथ्या भोकावर टिचकी, पुन्हा सूर. हे पाचही तुकडे जिग या नाचाच्या चालीच्या तीन मात्रांत बसले पाहिजेत. मधल्या बोटाचा वेगळा सूर ओळखू आला तर बोट जास्त वेळ वर राहिलं, असं समजा. टिचकी मऊ पडली तर रोल चिखलात रुततो. आधी संथ लयीत करा, पण टिचकी संथ नको.

जिग दादऱ्याच्या अंगाने जाते, रील ही दुसरी नाचाची चाल केरव्याच्या. चालीचे दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा (बारचा) आणि दोनदा. अशी ३२ मापं झाली की न थांबता पुन्हा, मग त्याच दमात पुढची चाल. श्वास घ्यायचा कुठे? नवशिका आठ मापं संपल्यावर घेतो आणि ताल तिथेच लंगडतो. नाचणाऱ्याचा पाय वादकाच्या छातीसाठी थांबत नाही. म्हणून मधलाच एखादा बिनवजनाचा सूर गिळून तिथे श्वास घ्यायचा, पुढच्या फेरीत दुसरीकडे. चांगल्या वादकाची गंमत बरीचशी या गाळलेल्या सुरांत असते.

आता लाकूड. चांगली फ्लूट बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुडची. ठाण्यात जुलैत सांधे फुगतात आणि तुकडे एकमेकांत जात नाहीत. जोर लावू नका, बाहेरचा तुकडा तडकतो. सांध्यावरच्या दोऱ्याचे दोन-तीन फेरे उलगडा, वर मेण लावा. थंडीत सैल झाला की पुन्हा गुंडाळा. पाऊस आयर्लंडलाही कमी नाही, त्यामुळे पावसाला फार भिऊ नका. खरा शत्रू घोडबंदरच्या फ्लॅटमधला रात्रभर चालणारा एसी. अनेक फ्लूटींच्या डोक्याच्या तुकड्यात धातूची नळी असते. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, नळी आक्रसत नाही, आणि रेषेत चीर जाते. म्हणून एसीच्या खोलीत ठेवणार असाल तर पेटी बंद ठेवा, आत सिलिका जेलची पुडी नको.

नवी फ्लूट पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटंच वाजवा. वाजवून झालं की आतून पुसा. तेल लावायचं ते लाकूड पूर्ण वाळल्यावरच, बदामाचे चार थेंब, डोक्याच्या तुकड्यातल्या बुचाला आणि दोऱ्याला न लागता. वरचं सप्तक अचानक बेसूर झालं तर बूच सरकलं का पाहा. तोंडाच्या भोकाच्या मध्यापासून ते साधारण १९ मिलिमीटरवर असतं.

चाव्यांवर पैसे घालू नका, सुरुवातीला लागत नाहीत. आणि लाकडाचे लाड नको असतील तर डेलरिन या प्लास्टिकची फ्लूट घ्या. तडकत नाही, फुगत नाही, नळाखाली धुता येते. वजनाला थोडी जड, पण तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून वाजवलीत तर ती लाकडाची की प्लास्टिकची, कुणी विचारणार नाही.